वाकलेली पाठ आणि आमचा उतावळा निवाडा

एका तरुणाची हकीकत आज त्याच्याच परवानगीने आपणांपुढे ठेवीत आहोत. तीत आमचीही एक चूक आहे व ती कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

हा तरुण दर रविवारी मिस्सेस येई. पण प्रवचन सुरू झाले, की बाकावरून उठे आणि मागच्या दारापाशी येरझाऱ्या घाली. सर्व मंडळी गुडघे टेकीत, तेव्हा तो खांबास हात लावून उभा राही. कोणी हाक मारली, तर नुसती मान न वळविता सगळे शरीर वळवून पाही. चालताना पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले, नजर जमिनीकडे. कोणी त्यास गर्विष्ठ म्हणे, कोणी आळशी, तर कोणी रात्रीच्या व्यसनाकडे बोट दाखवी. आम्हीही एका रविवारी, नाव न घेता परंतु सर्वांस कळेल अशा शब्दांत, देवाच्या घरी स्वस्थ न बसणाऱ्यांविषयी बोललो. मिस्सा आटोपल्यावर तो आत आला आणि शांतपणे म्हणाला, "फादर, बसून राहिलो की पाठ लाकडासारखी होते. चार पावले चाललो की थोडी सुटते."

आम्ही निरुत्तर झालो. पुढे संधिवाततज्ज्ञांनी तपासून सांगितले, की त्याच्या कण्यास दाहक संधिवात आहे. डॉक्टर त्यास अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात.

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, असा आपला समज. हा रोग मात्र बहुधा ऐन विशी-तिशीत जडतो, आणि तो पुरुषांप्रमाणे स्त्रियांसही होतो. कणा कमरेच्या हाडास जेथे जोडला जातो, तेथील सांध्यांत प्रथम दाह सुरू होतो. हळूहळू तो वर चढतो आणि काही रुग्णांत मणक्यांमध्ये नवे हाड धरून कणा एकसंध, बांबूसारखा होतो. ओझे उचलल्याने दुखावलेली पाठ विश्रांतीने बरी वाटते. ही पाठ विश्रांतीने बिघडते व हालचालीने सैल होते. उत्तररात्री वेदनेने जाग येते, आणि सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ अंग आखडलेले राहते. ज्यास आम्ही चंचलपणा समजलो, ते वस्तुतः या रोगाचे ठळक लक्षण होते!

आता त्याच्या चालण्याकडे वळू. आपण पाऊल टाकतो, तेव्हा कंबर किंचित एका बाजूस वळते आणि छाती व हात दुसऱ्या बाजूस. हा पीळ कणा सहज सांभाळतो. कणा ताठरला, की धड एका ठोकळ्यासारखे हलते. पाऊल आखूड पडते, गती मंदावते. पाठीस वरच्या बाजूस बाक आला, तर डोके पुढे झुकते व शरीराचा भारही पुढे जातो. मग तोल सावरण्यासाठी आणि समोरचे दिसावे म्हणून माणूस गुडघे वाकवून चालतो. मांड्यांचे स्नायू लवकर थकतात. त्यात खुब्याचा सांधा धरला, तर पाय मागे ताणला जात नाही व पाऊल आणखी लहान होते. असा माणूस रस्ता ओलांडताना मान वळवून गाडी पाहू शकत नाही, आणि जिना उतरताना त्यास पुढची पायरी नीट दिसत नाही. सावकाश चालणे हा त्याचा आळस नव्हे, ती त्याची सावधगिरी आहे.

रोगाने माणसाचे किती बळ हिरावले, हे केवळ क्ष-किरणांच्या चित्रावरून कळत नाही. म्हणून इंग्लंडमधील बाथ येथील डॉक्टरांनी १९९४ साली १० प्रश्नांची एक मोजणी तयार केली, ती आजही वापरात आहे. प्रश्न अगदी घरगुती आहेत: मोजे स्वतः घालता येतात का? जमिनीवरची लेखणी वाकून उचलता येते का? उंच फळीवरची वस्तू काढता येते का? न अवघडता १० मिनिटे आधारावाचून उभे राहता येते का? वाचकहो, आपल्या एका मिस्सेत यांतील कितीतरी प्रश्न विचारले जातात, आणि कोणी तरी मूकपणे "नाही" म्हणत असतो! ख्रिस्तसभेचा नियम मात्र आमच्याहून दयाळू आहे. प्रकृतीच्या कारणाने गुडघे टेकता येत नसतील, त्यांस उपासनाविधीतच सवलत दिलेली आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात १८ वर्षे वाकलेल्या, कशानेही सरळ न होता येणाऱ्या स्त्रीची कथा आहे. तिला हाच रोग असावा, असा तर्क काही वैद्यांनी केला आहे. परंतु आमच्या मनास भिडते ते वेगळेच. तिने काही मागितले नव्हते. प्रभूने तिला पाहिले व जवळ बोलाविले. सभास्थानाच्या अधिकाऱ्याने मात्र शब्बाथाचा नियम पाहिला. त्या रविवारी आम्ही त्या अधिकाऱ्याच्या जागी उभे होतो.

म्हणून कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस विनंती. घरातील तरुणाची पाठ तीन महिन्यांहून अधिक दुखत असेल आणि बसल्याने वाढून चालल्याने उतरत असेल, तर "पडून राहा" असे सांगू नका. त्यास संधिवाततज्ज्ञाकडे न्या. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठा, कारण हा दाह डोळ्यासही गाठतो. नियमित व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. त्यास दाहशामक गोळ्यांची आणि, गरज पडल्यास, २००३ पासून या रोगासाठी मान्यता मिळालेल्या नव्या इंजेक्शनांची जोड मिळते. ही इंजेक्शने देण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक असते. धूम्रपान सोडावे. ताठरलेला कणा किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो. म्हणून मान-पाठ मोडून देणाऱ्यांच्या हाती रुग्णास देऊ नका. आणि सोयरीक जुळविताना हेही ध्यानी घ्या, की या रोगाशी निगडित असलेला अनुवंशिक गुण अंगी असणाऱ्या बहुतेकांस हा रोग कधीच होत नाही.

तो तरुण आजही प्रवचनाच्या वेळी मागे येरझाऱ्या घालतो. त्याची पाठ पूर्ववत झालेली नाही. पण तो कामावर जातो, व्यायाम चुकवीत नाही, आणि मागच्या रांगेतील मंडळी आता त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवतात. ज्या व्यासपीठावरून त्यास टोचून बोललो, त्याच व्यासपीठावरून आम्ही त्याची क्षमाही मागितली आहे.

बंधुभगिनींनो, कोणाची चाल वेगळी दिसली, तर निवाडा करण्यापूर्वी एकच करा: जवळ जाऊन "पाठ दुखते का?" असे विचारा. वाकलेल्यांस पाहणारा प्रभू आपल्या डोळ्यांसही तशी दृष्टी देवो.