वेग विचारू नका, दुरुस्तीला कोण येणार ते विचारा

केळझरसारख्या गावात दुकानामागेच घर असते. त्यामुळे घरात घेतलेले ब्रॉडबँड हे दुकानाचेही असते. आमचे अनेक व्यापारी बांधव मात्र अजून त्याला चैनीची वस्तू समजतात. ‘मोबाईलवर सगळे होते, मग भिंतीला भोक कशाला पाडायचे?’ असा त्यांचा सवाल आहे.

सवाल अगदीच चुकीचा नाही. युपीआयने पैसे घ्यायला मोबाईल पुरतो. पण मालक माल आणायला नागपूरला गेला की दुकानाचे इंटरनेटही त्याच्या खिशातून नागपूरला जाते, हे कोणी लक्षात घेत नाही. मागे मुलगा संगणकावर बिल कसे करणार? वेल्डिंगवाल्याला गेटचे नमुने गिऱ्हाइकाला पाठवायचे असतात, शिलाईवाल्याला कपड्यांचे फोटो. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्याची २० तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, निरंक विवरणपत्र असले तरी २० रुपये. टॉवरवर गर्दी होती हे कारण तिथे चालत नाही.

थोडा मागचा हिशेबही पाहू. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, ते मोठ्या शहरांत. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ साली आले, तेही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. एक्स्चेंजपासून घर जितके लांब तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात जोड ओला झाला की खरखर सुरू. २०११ साली केंद्राने ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. देशात अनेक ग्रामपंचायतींत यंत्र बसले, पण वीज आणि देखभालीअभावी बंद पडून राहिले. २०२३ मध्ये सरकारने याच योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. एवढ्या रकमेतून आपल्या उंबरठ्यापर्यंत काय येते, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो किती जण वापरतात?

आता जोडणीविषयी. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो. खांबावरच्या डब्यातून एक तार घरात येते आणि एका छोट्या यंत्राला लागते. तार काटकोनात वाकवली किंवा खिळ्याने दाबली की प्रकाश गळतो. बसवणाऱ्याकडे प्रकाश मोजण्याचे मीटर असते. त्यावरचा आकडा आपल्यासमोर वाचून घ्या. साधारण उणे १५ ते उणे २५ दरम्यान असेल तर ठीक; उणे २७ च्या पलीकडे गेला तर आज चाललेली लाइन उद्या रडणार. यंत्र दुकान आणि घर यांच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून वायफाय येत नाही म्हणणाऱ्याला कंपनी काय करणार? आणि वीज गेली की यंत्र बंद पडते, म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याच दिवशी घ्या. उन्हाळ्यात तो महिनाभरात वसूल होतो.

वेगाच्या आकड्यांना फार भुलू नये. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणतात. छोट्या दुकानाला ३० एमबीपीएस पुरे आहे. त्यापेक्षा तार तुटल्यावर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि तो माणूस कुठे राहतो, हे विचारा. महामार्गाच्या कडेच्या गावात रस्ता रुंदीकरण, नळाची लाइन, नाली अशी खोदकामे चालूच असतात. खोदण्यापूर्वी केबलवाल्याला कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढले, पण जेसीबी चालवणारा भाऊ ते उघडून बघतो असे आम्हाला तरी दिसले नाही.

तार तुटली तर तक्रार फोनवर सांगून थांबू नका, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, आणि ट्रायच्या २०१२ च्या नियमानुसार निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर अपील कशावर करणार? बिलाचेही तसेच. १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. नियमित नोंदणी असलेल्याने जोडणी दुकानाच्या नावावर घेऊन जीएसटी क्रमांक दिला, तर धंद्यासाठी झालेल्या वापरापुरते क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला ते मिळत नाही. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याची सूट मोहक वाटते, परंतु पहिले तीन महिने महिन्याचाच हप्ता ठेवावा. सेवा वाईट निघाली तर निदान पाय मोकळा राहतो.

आमच्या मते या विषयातली खरी संधी वेगळीच आहे. बीएसएनएल आपली फायबर सेवा अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत देते आणि मासिक उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो. मोटर रिवाइंडिंग किंवा मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या आमच्या मुलांचा हात आधीच बारीक कामाला बसलेला आहे. काचेची तार जोडणे त्यांना जड नाही. जोडयंत्र महाग आहे, हे खरे. म्हणून दोघातिघांनी मिळून आधी गावातल्या इच्छुक दुकानदारांची नावे, पत्ते आणि सह्या गोळा कराव्यात आणि तो कागद घेऊन वर्ध्याच्या दूरसंचार कार्यालयात जावे. एकट्याने जाऊन ‘लाइन कधी येणार’ विचारणाऱ्याला तारीख मिळते. यादी घेऊन जाणाऱ्याशी साहेब बसून बोलतात.