न निवडलेल्या मुलांसाठी एक पान

प्रति,
माननीय आयुक्त,
नवोदय विद्यालय समिती

माननीय महोदय,



ज्या मुलखात दिवाळी उलटताच उंबऱ्यांना कुलपे लागतात, म्हातारीकोतारी माणसे तेवढी मागे उरतात आणि मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सारा संसार गाडीत घालून साखर कारखान्यांच्या फडांकडे निघून जातात, त्या बीड जिल्ह्याच्या बालाघाटी डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून 31 वर्षे अध्यापन करून सेवानिवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे. या सेवेपैकी 22 वर्षे मी दरसाल पाचवीची मुले आपल्या निवड परीक्षेस बसविली. त्यांतील थोडी आमच्या जिल्ह्यातील गढीच्या नवोदय विद्यालयात गेली, बरीचशी गेली नाहीत. जी गेली त्यांची काळजी वाहण्यास आपण समर्थ आहात. जी गेली नाहीत त्यांची कैफियत आपल्यासमोर मांडावी आणि त्यांच्या वतीने एक विनंती करावी, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच आहे.

प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विद्यालयांना अधिष्ठान दिले. त्याआधीच, 1985-86 या वर्षी, प्रयोगादाखल जी पहिली दोन विद्यालये उघडली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आमच्या महाराष्ट्रात अमरावतीला होते. या विद्यालयांची उभारणी करणारे तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांनी 1971 मध्ये, आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री असताना, नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे ग्रामीण गुणवंतांसाठी निवासी शाळा सुरू करविली होती. संपन्न घरातील मुलास जे शिक्षण पैसा मोजून मिळते, तेच कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलास केवळ त्याच्या बुद्धीच्या बळावर, राहण्याजेवण्यासह मिळावे, हा नवोदय योजनेचा हेतू. आणि निवडीतील किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी व एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखून आपण तो हेतू नियमांतही उतरविला. ज्या घरातील मुलीचे लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी उरकण्याची बोलणी सुरू होती, अशा घरातील मुलगी नवोदयला लागल्यामुळे ती बोलणी मोडलेली मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा या संस्थेच्या उपकारांविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

आपल्या परीक्षेची रचनाही मला नेहमीच विचारपूर्वक केलेली वाटली. आज तिच्यात 80 प्रश्न, 100 गुण आणि 2 तासांचा अवधी असतो. त्यांतील 40 प्रश्न व 50 गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि उरलेले गुण गणित व भाषा यांत निम्मेनिम्मे वाटलेले. बुद्धिमत्तेच्या भागात अक्षराचा संबंध नसतो. वेगळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पुरी करणे, आरशातील प्रतिमा शोधणे, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे, एका आकृतीत दडलेली दुसरी हुडकणे, असे हे सारे नजरेचे आणि विचाराचे काम. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याचे पुस्तकावाचून अडू नये, ही त्यामागची दृष्टी मला प्रथमपासून उमगली होती, आणि तिच्याच आधाराने आमची तयारी चाले. शाळा सुटल्यावरच्या जादा तासात आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून त्यांना कात्रीने भोके पाडीत असू, गावच्या केशकर्तनालयातून मागून आणलेला आरसा फळ्यावरील आकृतीशेजारी धरीत असू, आणि उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ रेषेबाहेर न जाता काळे कसे करावे याचा सराव पाटीवर काढलेल्या वर्तुळांत खडूने करीत असू; कारण उत्तर येत असूनही भलतेच वर्तुळ रंगविल्यामुळे मुलाचे वर्ष वाया जाण्याची धास्ती आम्हां शिक्षकांना मुलांहून अधिक असे.

तथापि परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचणे हीच आमच्याकडे एक वेगळी परीक्षा असते. अर्जाची मुदत बहुधा पावसाळ्यात येते आणि परीक्षा थंडीत. म्हणजे अर्जावर अंगठा उमटविणारा बाप परीक्षेच्या दिवशी दोनशे मैलांवर कोणत्या तरी फडात मोळ्या बांधीत असतो. ग्रामीण जागेवरील हक्कासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात, आणि ज्या मुलाचा वर्षातील निम्मा काळ फडावरच्या कोपीत जातो त्याच्या हजेरीपटावरील रिकामे रकाने कसे भरून काढावेत, हा प्रश्न आम्ही हंगामी वसतिगृहांच्या आणि मुलांच्या आज्यांच्या मदतीने सोडवीत आलो. जन्मतारखेचा घोळ शाळेच्या जनरल रजिस्टरावरून निस्तरणे, जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणे, हे तर नित्याचेच. अलीकडे तालुक्याच्या गावी केवळ या परीक्षेसाठी निवासी शिकवण्या निघाल्या आहेत. तेथे वर्षभर आकृत्यांचे नमुनेच्या नमुने घोटून घेतले जातात, आणि जी चाचणी न शिकविता आलेली बुद्धी हुडकण्यासाठी योजिली, तिचीच शिकवणी, ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्या मुलास मिळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या नियमांत एक कलम असे आहे की कोणत्याही उमेदवारास ही निवड परीक्षा दुसऱ्यांदा देता येणार नाही. हे कलम अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही. दुसरी संधी दिली, तर जो बाप मुलाला पाचवीत आणखी एक वर्ष बसवून शिकवणीचा खर्च सोसू शकतो त्यालाच तिचा लाभ होईल आणि ऊसतोड्याचा मुलगा होता तेथेच राहील, हे मला समजते. परंतु ज्या मुलास सबंध आयुष्यात एकदाच, तेही दहाव्या-अकराव्या वर्षी, आपण बोलाविता, त्याला त्या एका प्रसंगाविषयी काही सांगण्याचे उत्तरदायित्वही आपल्यावर येत नाही काय? माझ्या काळात निकाल लागे तो निवडलेल्यांच्या आसनक्रमांकांची यादी म्हणून. एका विद्यालयात फार तर 80 मुले घेता येतात, आणि परीक्षेस तर जिल्ह्यातील हजारो मुले बसतात. त्या हजारोंना त्यांचा निकाल कळे तो केवळ यादीतील आपल्या अभावावरून.

हा अभाव काय करू शकतो ते एका मुलाच्या हकिकतीवरून सांगतो. 2009 च्या सुमारास माझ्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. मी कागदाची घडी घालून कात्री हाती घ्यावी, तोच भोके कोठे कोठे पडतील हे त्याने जमिनीवर बोटाने काढून दाखवावे, अशी त्याची नजर होती. त्याच वर्गातील एका मुलीसह तो परीक्षेस बसला. उन्हाळ्यात यादी लागली. मुलीचा क्रमांक तीत होता, त्याचा नव्हता. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन मुलीच्या घरी गेलो, गावच्या सरपंचांनी तिला हार घातला, आणि तांड्याकडे जाणारी वाट माझ्या घराहून अर्ध्या कोसाची असूनही मी तिकडे फिरकलो नाही. चार दिवसांनी तो मुलगाच शाळेत आला आणि त्याने विचारले, “गुरुजी, माझं काय चुकलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवाळीनंतर त्याचा बाप त्याला कायमचाच बरोबर घेऊन निघाला. मी आडवा गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, सरकारानं परीक्षा घेतली. ह्याच्या डोक्यात काही असतं तर घेतलं नसतं का त्याला?”

या प्रसंगाचा दोष मी आपल्या कार्यालयावर ठेवीत नाही. तो सर्वस्वी माझा आहे. आपल्या यादीने त्या मुलास मंदबुद्धी म्हटले नव्हते; ती त्याच्याविषयी काहीच बोलली नव्हती. जे बोलायचे ते त्याला वर्षभर पाहणाऱ्या माणसाने, म्हणजे मी, बोलायला हवे होते, आणि मी गप्प राहिलो. आणि कोणीच न बोलल्यामुळे जी पोकळी राहिली, तिच्यात बापाने आपल्या परीने अर्थ भरला. ज्याला न्यायाधीशाने हकनाक शिक्षा केली त्याला अपिलात जाता येते. ज्याच्याविषयी कोणी निवाडाच दिला नाही, त्याने अपील कशावर करावे?

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी मी एक परिपाठ ठेवला. यादी लागली की ज्या मुलाचा क्रमांक तीत नाही, त्याच्या घरी मी प्रथम जाई आणि माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले एक पान त्याच्या हाती देई; त्यात या मुलाला काय चांगले येते, कोठे तो घाई करतो, पुढे सातवीपर्यंत त्याने कशाकडे लक्ष द्यावे, एवढे चार-सहा ओळींत लिहिलेले असे. ते पान मी मुलासमक्ष त्याच्या घरच्यांना वाचून दाखवीत असे. पुष्कळ वर्षांनी एका घरी गेलो असता तेथील आजीने पत्र्याची पेटी उघडली, आणि शिधापत्रिका व सातबारा यांच्या खाली नीट घडी करून ठेवलेले ते पान मला काढून दाखविले. तिची नात तोवर परिचारिकेचे शिक्षण घेत होती. त्या पानाने ती मुलगी शिकली असा दावा मी करणार नाही. ते पान सातबाऱ्याच्या बरोबरीने जपण्याजोगे वाटले, एवढीच साक्ष मी देतो.

मात्र माझ्या पानात एक उणीव होती, आणि ती मला भरून काढता येण्याजोगी नव्हती. वर्गातील मुलगा मी पाहिला होता. परीक्षेतील त्याची उत्तरपत्रिका मी पाहिली नव्हती. ती आपल्यापाशी असते. म्हणून माझी विनंती अशी आहे की निवड न झालेल्या प्रत्येक मुलास समितीने त्याच्या मातृभाषेत एक पान पाठवावे. त्यात बुद्धिमत्ता, गणित आणि भाषा या तीन भागांत त्याने काय केले हे साध्या शब्दांत लिहावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या शाळेस द्यावी, म्हणजे सहावीच्या शिक्षकास काम कोठून सुरू करावे ते कळेल.

यावर हरकती निघतील, आणि त्या अनाठायी नसतील. उमेदवार लाखो आहेत, एवढी पत्रे कोणी लिहावीत? परंतु उत्तरपत्रिका आज यंत्रेच तपासतात. जे यंत्र गुण मोजते त्याला ते तीन भागांत मांडून छापणे अवघड नाही, आणि हे पान पोहोचविण्यास प्रत्येक गावी शाळा आहेच. दुसरी हरकत अशी की गुण बाहेर आले की शिकवणीवाले त्यांच्या जाहिराती करतील; तर त्या पानावर क्रमांक घालू नये, ते प्रसिद्ध करू नये, बंद पाकिटात मुलाच्याच नावे द्यावे. तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते: दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आकडा देणे ही क्रूरता नव्हे काय? केवळ आकडा दिला तर खचितच आहे; म्हणून मी आकडा मागत नाही, वाक्ये मागतो आहे.

नरसिंह रावांची एक गोष्ट या संदर्भात मला वारंवार आठवते. त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद केला होता. मराठीतील तो प्रश्न आपल्या भाषेत नेण्यासारखा ज्याला वाटला, त्याच्या हातून ही विद्यालये उभी राहिली. आणि यादी वाचून घरी परतणारे मूल वाटेने मनाशी तोच प्रश्न विचारीत असते.

मसुदा म्हणून चार ओळी सोबत जोडतो. त्या आपल्याला योग्य वाटतील तशा सुधारून घ्याव्यात. “बाळा, या वर्षी आमच्याकडे जागा थोड्या होत्या आणि शहाणी मुले पुष्कळ होती. तुझी उत्तरपत्रिका आम्ही पाहिली. घडीच्या कागदाचे सर्व प्रश्न तू बरोबर सोडविलेस. गणितात अपूर्णांकांचा सराव अजून हवा आहे. तुझ्या गुरुजींना हे पान दाखव, आणि शाळा सोडू नकोस.”

त्या तांड्यावरच्या मुलाचे वय आज सव्वीस-सत्तावीस असेल. त्याचाही मुलगा काही वर्षांनी पाचवीत येईल आणि आपल्या परीक्षेस बसेल, अशी माझी आशा आहे. त्याची निवड होईल की नाही हे कोणाच्याच हाती नाही. त्याला उत्तर मिळेल की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.



आपला विनम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
जिल्हा बीड