राज्य नसलेल्या भाषेचा वाली कोण?

१९४७ मध्ये पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी भाषेचे भारतातले भवितव्य तिथेच ठरले. पंजाबीला पुढे इकडे स्वतःचे राज्य मिळाले, बंगालीकडे कोलकाता होतेच. पिंपरी आणि उल्हासनगरच्या निर्वासित छावण्यांत आलेल्या सिंध्यांनी शून्यातून व्यापार उभा केला, पुण्यात साधू वासवानींच्या संस्था उभ्या राहिल्या. पण भाषेला पायाखालची जमीन मिळाली नाही. वास्तविक सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. १९५६ मध्ये आपण भाषावार राज्ये आखली आणि भाषेचा सांभाळ राज्याच्या गळ्यात बांधला. ज्या भाषेला राज्यच नाही, तिच्यासाठी शिक्षक नेमायचे कुणी? १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, बालभारती सिंधीतही पुस्तके काढते. पण सन्मान आणि पाठ्यपुस्तक यांनी वर्ग भरत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की सिंधी पालकांनीच मुलांना इंग्रजी शाळांत घातले. खरे आहे. पण मराठी पालक वेगळे काय करतात? फरक एवढाच, की घरी हयगय झाली तरी मराठीच्या मागे शासन उभे असते; २०२० च्या कायद्याने ती राज्यातल्या सर्व शाळांत सक्तीची झाली. दुसरा आक्षेप, सीमेपलीकडे कोट्यवधी लोक सिंधी बोलत असताना ती मरेल कशी? तिथे तिला उर्दूशी झगडावे लागले, १९७२ मध्ये त्यावरून दंगली झाल्या, तरी ती टिकली. पण इथल्या नातवंडांना त्याचा उपयोग किती? तिकडची पुस्तके अरबी वळणाच्या लिपीत, इकडे देवनागरीही रुजलेली. मोबाइलवर तिकडची गाणी ऐकता येतात, पण कादंबरी उघडली की अक्षर लागत नाही.

बेळगावच्या मराठीसाठी आपण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात भांडतो आहोत. तिथल्या मराठी माणसामागे महाराष्ट्र आहे; पिंपरीतल्या सिंध्यामागे असे कोणतेही राज्य नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० अ राज्यांना सांगतो, आणि त्यात मराठीचा अपवाद नाही तसा सिंधीचाही नाही. संपूर्ण सिंधी माध्यमाचा हट्ट आज कुणी धरणार नाही. पण सिंधी वस्तीच्या शाळांत आठवड्याला काही तास, दोन्ही लिप्या शिकवणारा एक पगारी शिक्षक, एवढे महाराष्ट्राला नक्कीच परवडेल.