लाज कोणाला वाटायला हवी?

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि पाठोपाठ तिच्या नावाने बनावट वेबसाइटही निघाल्या. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल येते. ती मोबाइलमध्ये घेतली की मेसेजमधला ओटीपीही भामट्याच्या हाती जातो. सेनगाव-कळमनुरीकडच्या खेड्यात दीड हजारांचा हप्ता म्हणजे काय, हे या टोळ्यांना राज्यकर्त्यांपेक्षा चांगले कळते. 'आज केवायसी केली नाही तर हप्ता बंद' एवढे एक वाक्य त्यांना पुरते.

फोनवर ओटीपी किंवा पिन कोणतीही बँक विचारीत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अरेस्ट' तर कोणत्याच कायद्यात नाही. समाजबांधवांनो, हे बहुतेकांनी ऐकलेले आहे; आमचा प्रश्न पुढचा आहे. फसल्यावर माणूस गप्प का बसतो? लोक हसतील म्हणून! चोराला नेमके हेच हवे असते, कारण चोरीची रक्कम काही तासांत खात्यामागून खात्यात सरकते. 1930 वर लगेच फोन केला तर वाटेतल्या खात्यात उरलेली रक्कम रोखता येते.

कायदाही वेळ पाहतो. हिल्टन यंग कमिशनपुढे 1925 साली बाबासाहेबांनी साक्ष दिली, त्यानंतर दहा वर्षांनी उभी राहिलेली रिझर्व्ह बँक. तिच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते नुकसान बँकेचे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला. म्हणून बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पोलीस ठाण्याची पायरी आमच्या वस्तीतल्या माणसाला किती उंच वाटते, हे ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेल्यांना विचारा. 'हे आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, फिर्याद घ्यावीच लागते. नकार मिळाला तर तीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेत.

याहून मोठी चिंता बेरोजगार पोरांची. 'तुझे खाते नि एटीएम कार्ड दे, महिन्याला कमिशन घे' म्हणणारा दलाल गावात ओळखीचाच निघतो. चोरीचा पैसा त्या खात्यातून जातो, खाते गोठते आणि परराज्यातले पोलीस नोटीस घेऊन पोराच्या दारात येतात. सूत्रधार सापडत नाही. सापडते ते खात्यावरचे नाव, आणि त्याच्या जामिनासाठी बाप सावकाराकडे जातो.