हंगामाच्या सणाआधीची फवारणी

जागतिक पर्यावरण दिनाला चर्चच्या आवारात रोपे लावणे चांगलेच. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी सृष्टीच्या कारभारीपणाची सुरुवात फवारणीच्या पंपापासून करावी. 2017 च्या खरिपात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, फवारा अंगावर आणि श्वासात उतरणारा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली आणि बहुतेकांकडे हातमोजे नाहीत की मुखवटा नाही. अशाच वावरांतला माल पुढे हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून येतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. ते मानणाऱ्या मंडळीने अर्पण स्वीकारताना, हे पिकवणाऱ्या मजुराच्या छातीत काय गेले, हे विचारायलाच हवे.

विचारून थांबणे मात्र पुरेसे नाही. कर्जाने वाकलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला व्यासपीठावरून सेंद्रिय शेतीचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. उत्पन्न घटले तर ती तूट उपदेशक भरून देणार नसतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणून कमी जोखमीच्या कामांनी सुरुवात व्हावी. मंडळीने संरक्षक कपडे, मुखवटे आणि हातमोजे यांचे संच विकत घेऊन फवारणीच्या दिवसांत वापरायला द्यावेत. सणाला अर्पण झालेल्या मालाच्या लिलावातून येणारा पैसा यासाठी रास्त आहे. भर उन्हात, वाऱ्याच्या विरुद्ध आणि साधनांविना कुणाला फवारायला लावणार नाही, मनाने औषधे मिसळणार नाही, असे सभासद शेतमालकांनी ठरवावे. जून-जुलैत निंबोळ्या पडतात, तेव्हा महिला मंडळाने त्या वेचून वाळवाव्यात. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पूड, हे पाच टक्के अर्काचे प्रमाण ठरलेले आहे. सुरुवातीच्या रसशोषक किडींवर तो चालतो. गुलाबी बोंडअळी त्याने आटोक्यात येत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे आणि फरदड न घेणे हा उपाय आहे आणि तो एकट्याने करून भागत नाही, शिवार मिळून करावा लागतो. दर रविवारी एकत्र येणारी माणसे इथे कामाची ठरतात.

पाण्याचेही तसेच. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे तळाला गेली आणि यवतमाळ शहर पाण्यासाठी वणवण करत होते. जिल्ह्यात वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो, असे धरले तर दोनशे चौरस मीटरच्या छपरावर एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी कोसळते. चर्च, शाळा, वसतिगृह यांच्या छपरांचे पाणी आवारातल्या विहिरीत उतरवायला फार मोठा खर्च नाही.

चर्चचे काम आत्म्याचे, शेतीचे नव्हे, असे म्हणणारे मंडळीतच भेटतील. त्यांनी लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाकडे पाहावे; तिथे सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा सांगितला आहे. आणि महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत गावकऱ्यांचे श्रमदान आणि चराईबंदी यांच्या आधारावर पाणलोटाचे काम उभे केले. त्यातूनच 1993 मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था निघाली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध उभे राहिले. यवतमाळच्या वाट्यालाही मोठी संधी आली होती: 1953 मध्ये इथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षे भावी पाळकांना कापसाच्या याच मुलखात शिकवत होती.

जिल्ह्यात ख्रिस्ती लोक मूठभर, त्यांच्याने काय होणार, ही शंका उरते. शिवाय चर्चने गावात काही सुरू केले की धर्मांतराचा संशय येतो. दोन्हींवर तोड एकच. संच मागायला येणाऱ्याचा धर्म किंवा जात विचारायची नाही, निंबोळीचा अर्क सगळ्या शिवाराला द्यायचा आणि खर्चाची वही ग्रामसभेत उघडी ठेवायची.