बुबुळाची साक्ष

आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेण्यास साफ नकार दिला. कारण विचारतां त्या म्हणाल्या, “मास्तर, डोळा बदलला तर यंत्र मला ओळखील काय? मग शिधा कोण देईल?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतींचा रंगीत पडदा. त्यावरील तंतूंची रचना प्रत्येकाची निराळी. एकाच मनुष्याच्या दोन डोळ्यांचीही निराळी. केंब्रिज येथील जॉन डॉगमन यांनीं ती अंकांत मांडण्याची रीत शोधिली व १९९४ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. आपल्या देशांत पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिले गेले. या नोंदणींत बोटांच्या ठशांसह दोन्ही बुबुळेंही टिपतात.

मोतीबिंदु बुबुळांत नसतो; त्यामागील भिंगांत असतो. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात; बुबुळ जागच्या जागींच राहतें. म्हणून बहुधा ओळख पूर्ववत् पटते. परंतु भिंगाकडे जाण्याची वाट बाहुलींतूनच आहे. त्यामुळें क्वचित् बुबुळाचे तंतु क्षीण होतात, किंवा बाहुलीचा वाटोळेपणा बिघडतो. ब्राझील देशांत ५५ रोग्यांची अशी तपासणी झाली. तिचा वृत्तांत २००४ मध्यें प्रसिद्ध झाला; कांहीं रोग्यांची ओळख यंत्रास पटली नाहीं असें तींत आढळलें.

आमचें मत असें कीं, यंत्राचा नकार म्हणजे मनुष्याचा खोटेपणा नव्हे. यंत्र केवळ जुनी नोंद व नवें चित्र ताडून पाहतें. दोहोंमध्यें काय घडलें हें त्यास ठाऊक नसतें. तें जाणणें मनुष्याचें काम आहे. ओळख न पटल्यास ती अन्य मार्गानें पटविण्याची सोय असावी, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१८ च्या निकालांत म्हटलें आहे. तेव्हां देणाऱ्यानें नकाराची सबब सांगून वृद्धांस रिकाम्या हातीं परत धाडूं नये.

पालकांनींही यंत्राच्या भयानें शस्त्रक्रिया लांबणीवर टाकूं नये. डोळा पूर्ण बरा झाल्यावर ओळख पटत नसेल, तर बुबुळांची नोंद नव्यानें करून घ्यावी. आणि मुलांनो, आजीस त्या केंद्रावर हात धरून नेणें हें तुमचें कर्तव्य होय. दृष्टि ही आधीं पाहण्यासाठीं आहे, ओळख पटविण्यासाठीं मागाहून.