कोश घेतला, कथा टाकली

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून रोज हजारो माणसे जातात-येतात. ज्यांच्यावरून या रस्त्याला नाव मिळाले ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि हुबळी तेव्हा त्या इलाख्यात होती, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. गव्हर्नरसाहेबांचे नाव रस्त्याला चिकटून राहिले, काम विस्मरणात गेले. परदेशातून या मुलखात आलेल्या दुसऱ्या एका वर्गाच्या बाबतीत आम्ही बरोबर याच्या उलट केले आहे. मिशनऱ्यांचे काम आम्ही वापरतो, त्यांच्या कोशांची पाने उलटतो, त्यांनी घडवलेल्या टंकांचे ऋण मान्य करतो. पण ते कशासाठी आले होते, हा विषय निघाला की चटकन खिडकीबाहेर पाहू लागतो.

हे आठवण्याचे कारण आमच्याच घरातले. मिशनऱ्यांच्या भाषासेवेवर एखादा अंक काढावा, असा विचार अलीकडे आमच्या बैठकीत निघाला. यादी झाली: व्याकरणे, शब्दकोश, छापखाने, नियतकालिके, शाळा. बायबलमधल्या कथांची जी मराठी रूपांतरे झाली त्यांचे काय, असे कोणी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तो प्रचार आहे, साहित्य नव्हे." माना डोलल्या आणि यादी कायम झाली. त्या डोलणाऱ्या मानांत आमचीही होती, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र हा निर्णय आम्हांला बोचू लागला, आणि आता तो सरळ अप्रामाणिक वाटतो.

अप्रामाणिक अशासाठी की कोश आणि कथा या दोन वस्तू वेगळ्या नाहीत. बाझेल मिशनची माणसे १८३४ मध्ये मंगळूरला उतरली, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला पोचली. कोशरचना करावी म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला नव्हता. त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावी लागणार होती. फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये आले. सुमारे ७०,००० शब्दांचा त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये निघाला. पण त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १८६२ मध्ये, त्यांनी 'कथामाले' हे येशूचे चरित्र इथल्या वृत्तांत बांधून छापले होते. आधी कथा, मग कोश, असा हा क्रम आहे. धारवाडच्या महाविद्यालयाला किटेलांचे नाव आहे, बेंगळुरात त्यांचा पुतळा आहे. 'कथामाले' मात्र कोणाच्या कपाटात सापडेल? फळे वेचून झाडाला नावे ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

मराठीत तर आमचा अपराध अधिक मोठा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जुना करार आणि नवा करार यांची कथा सांगणाऱ्या जवळजवळ ११,००० ओव्या त्यात आहेत. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी एका परक्या माणसाने उचलली, तिच्यात विश्वोत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतचा पट मांडला आणि ग्रंथाला 'पुराण' म्हणवून घेण्यात कमीपणा मानला नाही. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला दुसरे काही हवे होते, ती गरज त्याने ओळखली. मराठीच्या थोरवीचे त्याने केलेले वर्णन आम्ही भाषादिनाच्या भाषणांत हमखास वापरतो. ज्या कथेसाठी ते वर्णन लिहिले गेले ती कथा वाचण्याचे कष्ट मात्र घेत नाही. या ग्रंथाची आवृत्ती १९०७ मध्ये निघाली ती पुण्या-मुंबईत नव्हे, मंगळुरात; आमच्याच कर्नाटकात.

"पण हेतू धर्मांतराचा होता ना?" हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. होता, नि:संशय होता. प्रश्न असा की हेतूवरून साहित्य बाद करायचे ठरवले तर आमच्या हाती उरेल काय? मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते 'लीळाचरित्र' एका पंथाने आपल्या प्रवर्तकाच्या आठवणी जपण्यासाठी रचले. या कर्नाटकाच्या मातीतली शरणांची वचने माणसे वळवण्यासाठीच उच्चारली गेली. ज्याला कोणाला काहीही पटवून द्यायचे नाही असा ग्रंथ आमच्या प्राचीन वाङ्मयात शोधूनच काढावा लागेल.

दुसरा आक्षेप सत्तेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, १५६० पासून इन्क्विझिशन बसवले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले तेव्हा त्यांची प्रेते ताब्यात घेण्यासाठी जाणारा स्टीफन्सच होता. म्हणजे तो लिहीत होता त्या अंगणात रक्त सांडलेले होते, दोन्ही बाजूंचे. त्याच राजवटीने पुढे १६८४ मध्ये लोकांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला. हे सारे ग्रंथासोबत सांगितलेच पाहिजे; न सांगणे हा भाबडेपणा ठरेल. पण सगळ्या मिशनऱ्यांना एकाच सत्तेच्या पालखीत बसवणेही खोटे आहे. ईस्ट इंडिया कंपनीला १८१३ पर्यंत मिशनरी नकोच होते. विल्यम केरीला डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला. तिथून त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार काढला, आणि त्यामागे वैजनाथ पंडितांचे श्रम होते. अमेरिकेतून १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या गॉर्डन हॉल यांना सरकारने परत पाठवायचे ठरवले होते. ते चिकटून राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारले. हे आयुष्य काही गव्हर्नराचे नव्हे.

तिसरे म्हणणे असे की या मंडळींनी आमच्या देवांची निंदा केली. केली, आणि पुष्कळदा अडाण्यासारखी केली. दुसऱ्याच्या कथेला भाकडकथा म्हणणाऱ्याने आपली कथा ऐकण्याचा आग्रह धरावा, हा विसंवाद त्यांच्या लक्षात आला नाही. पण त्या काळच्या आमच्या माणसांनी काय केले ते पाहावे. मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला, ग्रंथाला ग्रंथाने उत्तर दिले. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर भर सभेत पाद्र्यांशी वाद घालत बसले. त्या वादांतून मराठी गद्याला युक्तिवादाचे वळण लागले. त्यांनी प्रतिपक्षाचे पुस्तक यादीतून काढले नाही. ते वाचले आणि मग खोडले. आम्ही न वाचताच बाद करतो आणि त्याला अभिमान म्हणतो.

आणि ही कथा परक्यांची राहिली कुठे? बायबलच्या मराठी अनुवादांत येशूच्या दृष्टान्ताला 'दाखला' हा शब्द आला, पावाच्या जागी 'भाकर' आली. धारवाडच्या ज्वारीच्या मुलखात त्या भाकरीचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. हरवलेल्या मेंढराचा दाखला तर इथला कोणताही धनगर पाद्र्याहून बारकाईने सांगेल. परक्याच्या तोंडून निघालेली गोष्ट पुढच्या पिढ्यांत आमच्या माणसांची झाली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानात झाला. सबंध बायबल हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी, हातावेगळे केले, कारण साध्या, अल्पशिक्षित बायकांना कळेल असा मजकूर त्यांना हवा होता. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात छापखाना चालवणाऱ्याही बायकाच होत्या. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण साहेबी उपासनेत त्यांचे मन रमले नाही. त्यांनी भजन आणि अभंग देवळात नेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आम्ही डोक्यावर घेतो. 'ख्रिस्तायन' मात्र 'त्यांचे' म्हणून बाजूला ठेवतो. एकाच बाईच्या एका हाताला आम्ही नमस्कार करतो आणि दुसरा हात झटकून टाकतो.

इथवर आम्ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासाविषयी बोललो. आता जे बोलणे आहे ते आमच्या स्वतःविषयी, आणि खरी बोच तिथेच आहे. हुबळी-धारवाडातली आमची मराठी घरे काही आजची नाहीत. १९५६ मध्ये राज्ये बदलली, आम्ही इथेच राहिलो. गेली कित्येक वर्षे आमच्या बैठकींचे मुख्य रडगाणे एकच असते: मराठी शाळा ओस पडल्या, मुले मराठी वाचत नाहीत. हे दुःख खरे आहे. पण आमच्यापैकी कितीजण कन्नड वाचतात? बाजारात बोलण्यापुरती येते, बसवरची पाटी कळते. कन्नड कादंबरी हाती धरलेला सभासद मोजायला गेलो तर एका हाताची बोटेही जास्त होतात. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे कवी झाले आणि मराठीतही लिहिते राहिले. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडात राहून मराठी कथा लिहिली. ही उदाहरणे आम्ही छातीला बिल्ल्यासारखी लावतो, अनुकरण मात्र एकाचेही करीत नाही.

उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून निघालेला किटेल या गावांत आला, केशिराजाचे 'शब्दमणिदर्पण' वाचले, १८७२ मध्ये त्याची आवृत्ती काढली. त्याच्या श्रद्धेशी आमचे काही देणेघेणे नसेल. पण सांगायचे असेल तर आधी ऐकावे लागते, आणि ऐकायचे असेल तर शेजाऱ्याची भाषा पोटात शिरेपर्यंत शिकावी लागते, हे त्याला कळले होते. आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या इथे काढून ते कळलेले नाही. आपली मराठी कोणी ऐकत नाही अशी तक्रार करणाऱ्याने, आपण कोणाचे ऐकतो, हेही विचारले पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. त्या यादीत 'क्रिस्तपुराण', रमाबाईंचे बायबल आणि 'ख्रिस्तायन' यांचा समावेश व्हावा. त्यांच्यावर लिहिणाऱ्याने ते ग्रंथ वाचलेले असावेत. स्तुती करायची की टीका, हे त्याचे त्याने ठरवावे. आणि 'कथामाले'वरचे टिपण आमच्यापैकीच कोणी, एखाद्या कन्नड शेजाऱ्याजवळ बसून, मूळ वाचून लिहावे. यादीला मान डोलावणारे आम्ही ते काम अंगावर घ्यायला तयार आहोत. आमचे कन्नड कच्चे आहे. अंकाला उशीर होईल.